मोठ्या सिस्टरांची सोपवणूक

पाळकसाहेब निवृत्त होणार हे त्यांनी स्वतः उपासनेनंतर सांगितलं, तरी कुणाला ते खरं वाटेना. एकतीस वर्षं चर्च म्हणजे ते आणि ते म्हणजे चर्च. कुलूप उघडणारे तेच, गाणी निवडणारे तेच, आजाऱ्याच्या उशाशी बसणारे तेच आणि छप्पर गळायला लागलं की शिडीवर चढणारेही तेच. नवे पाळक यायला सात महिने होते. तोवर शेजारच्या चर्चचे पाळक दर रविवारी येऊन उपदेश करून जातील, एवढं ठरलं.

"आणि बाकीचं कोण बघणार?" कमिटीच्या अध्यक्षांनी विचारलं. यांना आम्ही माईकवाले काका म्हणतो, कारण हाती आलेला माईक ते आपणहून कधी सोडत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी तो लगेच खाली ठेवला. सगळे आपापले बूट निरखायला लागले. तेवढ्यात माझ्या सासूबाई उठल्या. वारा झोंबत होता, म्हणून त्या खिडकी लावायला उठल्या होत्या. लोकांना वाटलं, ह्या तयार आहेत. टाळ्याच पडल्या.

आई (मी त्यांना आईच म्हणते) अर्ध्या वाटेत थांबल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांकडे एकदा बघितलं, खिडकी लावली आणि म्हणाल्या, "बरं."

अठ्ठावीस वर्षं त्या इस्पितळात होत्या, त्यातली शेवटची बारा वॉर्डाच्या मुख्य नर्स म्हणून. चर्चमध्ये सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणायचे. घरी येऊन त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, पट्टीने चार रकाने आखले: उपासना, भेटी, मुलं, इमारत. कुणाला न विचारता प्रत्येक रकान्यात नावं भरली. मी कपडे शिवत होते, मशीनवरून मान वर करून म्हटलं, "आई, लोकांना एकदा विचारायचं का?"

"वॉर्डात कुणाला विचारलं होतं का मी?"

महिन्याभरात त्या कागदाचे तीन तेरा वाजले. मुलांचा वर्ग दिला होता निवृत्त शिक्षिकेकडे. तिसऱ्याच रविवारी त्यांनी हात जोडले. "सिस्टर, पस्तीस वर्षं मुलंच सांभाळली हो. आता नकोत." भेटींच्या गटातले तिघं एकाच शनिवारी पाय मोडलेल्या गवंड्याकडे जाऊन बसले, कारण त्याचं घर बस स्टॉपला लागून होतं आणि त्याची मुलगी चहा फक्कड करायची. चौथ्या मजल्यावर एकटी राहणारी वॉचमनची विधवा मात्र नऊ दिवस तापाने पडून होती, आणि तिच्याकडे कुणीच फिरकलं नव्हतं. तिच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा आई उठून गेल्या. दुपारी परत आल्या आणि दाराजवळच्या बाकावर बसून राहिल्या, एक बूट पायात, एक हातात.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या.

त्या घरात माझी अकरा वर्षं झाली होती. हे शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. मी गुपचूप पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरोघर निघाल्या, मला बरोबर घेऊन. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या. "कुठलं काम करताना तुमचं घड्याळाकडे लक्ष जात नाही?" शिक्षिका म्हणाल्या, मोठ्याने वाचताना. त्यांना ज्यांची नजर गेली आहे अशा म्हाताऱ्यांची घरं मिळाली. ज्याच्या तोंडून आठवड्यात चार शब्द निघायचे नाहीत, तो बसचालक म्हणाला, "मुलांबरोबर." आम्ही एकमेकींकडे बघितलं. पण त्याने पहिल्याच रविवारी मुलांना बायबलच्या गोष्टीतलं तारू पुठ्ठ्याचं करायला बसवलं, आणि वर्गातून घरी जायला कुणी तयार होईना. माईकवाल्या काकांना आईंनी ऐकू न येणाऱ्या दोन आजोबांकडे पाठवलं. तिथे त्यांच्या आवाजाचं सोनं झालं.

"आणि तू भेटींमध्ये," मला म्हणाल्या.

"मी? मला प्रार्थनासुद्धा धड म्हणता येत नाही, आई."

"माप द्यायला आलेली बाई तुझ्यापाशी मन मोकळं करून जाते. मी आतल्या खोलीत असते, मला काय ऐकू येत नाही?"

गाडी रुळावर आली असं वाटेपर्यंत नवी अडचण आली. आम्ही ज्या घरी जाऊ तिथे ऐकू यायचं, "पाळकसाहेब सकाळीच येऊन गेले की." एकीने तर सरळ विचारलं, "मग तुम्ही कशाला आलात?" हळूहळू गटातली माणसं ढिली पडली. साहेब जातातच, मग आपण कशाला पायपीट करा?

आईंनी चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी मला म्हणाल्या, "चल. अवघड काम आहे."

साहेबांच्या नव्या, लहानशा घरात निम्मी खोकी अजून बांधलेलीच होती. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "बसायला जागा नाही हो. हे घरात थांबतील तर खोकी उघडतील ना!" साहेब कसनुसं हसले. माझ्या सासऱ्यांना शेवटचं मातीत पोचवलं ते ह्यांनीच, माझं लग्न लावलं तेही ह्यांनीच. आता आई काय बोलणार, ह्याचीच मला धास्ती.

"साहेब," आई म्हणाल्या, "ड्युटी संपल्यावर वॉर्डात रेंगाळणाऱ्या नर्सला मी घरी पाठवायचे. ती समोर असेपर्यंत पेशंट नव्या मुलीला हाक मारत नाही."

साहेब म्हणाले, "म्हणजे मी लुडबुड करतोय."

"तुम्ही प्रेम करताय. पण त्यामुळे आम्ही पांगळे होतोय."

"एकतीस वर्षं, सिस्टर. असं कसं थांबू एकदम?"

"एकदम नाहीच थांबायचं. आमच्याकडे कुठलीच नर्स खाटेपाशी उभं राहून सोपवल्याशिवाय जात नव्हती. तुम्ही सोपवलंच नाहीत. सगळं तुमच्या डोक्यात आहे. दोन आठवडे आमच्याबरोबर चला. प्रत्येक घरी त्या माणसासमोर सांगा, आता हे येतील."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. पुसायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ पुसला. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "ऐका त्यांचं."

दोन आठवडे आम्ही फिरलो. कुणाला मोठ्याने केलेली प्रार्थना सोसत नाही, कुठे बापलेकांचं बोलणं बंद आहे, कुणाला तब्येत विचारलेली आवडत नाही पण कुंडीतली झाडं विचारली की कळी खुलते, असं काय काय साहेबांना ठाऊक होतं! त्या घरी पुढे जाणारा माणूस ते कान देऊन ऐकायचा. शेवटचं घर चौथ्या मजल्यावरचं, वॉचमनच्या विधवेचं. तिथे साहेबांनी तिची खुर्ची नेहमीसारखी खिडकीशी सरकवली, माझ्याकडे हात केला, आणि पुढे शब्दच फुटेना. एवढा उपदेश करणारा माणूस, पण एक वाक्य निघेना.

म्हातारीच म्हणाली, "या आता साहेब. ही बघेल माझं."

जिन्यात साहेब कठड्याला धरून क्षणभर थांबले. आईंनी त्यांची पिशवी घेतली, आणि दोघं उतरले.

पाचव्या महिन्यात ती म्हातारी गेली. सकाळी सातला शेजारणीने फोन केला तो मला. साहेबांना नाही, आईंनाही नाही. मी हातातली कात्री ठेवली आणि निघाले. दुपारपर्यंत परगावच्या भाचीला कळवून झालं होतं, इमारतीच्या गटाने चर्चमध्ये बाकं लावली होती, शिक्षिकेने वाचायचा शास्त्रभाग नक्की केला होता, बसचालक भाचीला स्टेशनवरून घेऊन आला होता. आई काय करत होत्या? घरी वाटाणे सोलत होत्या. अंत्यविधीला वेळेवर आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. शेजारच्या चर्चच्या पाळकांनी विधी केला. साहेब तिसऱ्या बाकावर पत्नीशेजारी होते, सगळ्यांसारखे. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना अंत्यविधीत मोकळेपणी रडता आलं असावं.

बाहेर आल्यावर ते आईंना म्हणाले, "मी पाळक असतो तर सगळं एकट्याने केलं असतं. इतकं चांगलं झालं नसतं."

माझी छाती अशी फुगली की ब्लाउजची शिवण उसवते की काय असं वाटलं.

ठरल्याप्रमाणे सातव्या महिन्यात नवे पाळक आले. तरुण होते, जरा घाबरलेले. दुसऱ्याच दिवशी वही-पेन घेऊन आमच्याकडे आले. "सिस्टर, सगळे म्हणतात, सुरुवात तुमच्यापासून करा."

आईंनी पायात बूट चढवले. "मी फिरायला निघालेय. भेटींचं सगळं माझी सून बघते. तिला विचारा." आणि खरंच गेल्या, मागे वळूनही बघितलं नाही.

पाळक माझ्याकडे बघत राहिले. मी मशीनवरचं कापड बाजूला केलं. "वही राहू द्या," मी म्हटलं. "आज चार घरं आहेत. चालत जाऊ."