लाल दिवा लागलाय का?

मित्रांनो, मी एक जुना कोडेक आहे. नावाला बिचकू नका. व्हिडिओ फार जागा खातो, म्हणून कॉम्प्युटरमध्ये तो घडी घालून ठेवतात. ती घडी उलगडून चित्र आणि आवाज पडद्यावर आणणारा छोटासा प्रोग्रॅम म्हणजे मी. बाबांच्या नव्या कॅमेऱ्यासोबत सीडीच्या एका तबकडीवर बसून मी या घरात आलो.

बाबा समारंभांचे व्हिडिओ काढायचे. त्यांच्या कॅमेऱ्याने घातलेली घडी फक्त मलाच उलगडता यायची, म्हणून त्या फायली माझ्या वाटणीला होत्या. काय थाट होता माझा तेव्हा! लोक खुर्च्या ओढून बसायचे आणि "वा, किती स्वच्छ दिसतंय!" म्हणायचे. पुढे बाबांनी कुठून कुठून आणखी कोडेक आणून भरले. ते सगळे एकाच फायलीवर तुटून पडायचे. चित्र पुढे पळायचं आणि आवाज मागून रखडत यायचा. बाबा वैतागायचे, पण काढून कोणालाच टाकायचे नाहीत.

मग बाबा गेले. जन्मभर कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस. त्यांचा स्वतःचा व्हिडिओ एकच होता. कॅमेरा नवा असताना तो तपासायला ते समोर उभे राहिले होते. केस सारखे करत विचारतात, "अगं, लाल दिवा लागलाय का बघ." मागून आईंचा आवाज येतो, "लागलाय की! केव्हाचा लागलाय!" मग बाबा लाजून हसतात. बस, एवढंच. आई रोज दुपारी मागचं आवरलं की दार लोटून तो पाहायच्या, आणि मी जीव ओतून तो उलगडायचो.

एका रविवारी मुलगी आणि जावईबापू आले. जावईबापू म्हणजे कोणाच्याही मदतीला धावणारा माणूस. कॉम्प्युटर सुरू करून म्हणाले, "आई, केवढा कचरा साठलाय यात! म्हणून रडतखडत चालतोय. यातलं काही वापरता का तुम्ही?"

रोज नवऱ्याला बघत बसते, हे जावयाला कोणत्या तोंडाने सांगायचं? "छे हो, मला काय कळतंय त्यातलं! तुम्हाला बरं वाटेल ते करा," असं म्हणून आई चहा टाकायला आत गेल्या.

जावईबापूंनी भांडखोर कोडेक काढले, ते बरंच झालं. पण त्यांच्यासोबत मलाही काढलं. माझी मूळ प्रत तेवढी खालच्या खणातल्या तबकडीवर उरली. तिथून मला सगळं ऐकू येत होतं, पण ओरडता येत नव्हतं. त्यांनी सगळे व्हिडिओ एका नव्या प्लेयरच्या नावावर केले आणि एकेक उघडून पाहू लागले. बाबांच्या फायली उघडेनात. माझ्याशिवाय उघडणार तरी कशा? "खराब झाल्यात वाटतं," असं पुटपुटत त्यांनी त्या पुसल्या आणि वर कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मित्रांनो, त्या फायली धडधाकट होत्या हो!

दुसऱ्या दिवशी दुपारी आई येऊन बसल्या. शोधलं. चष्मा पुसून पुन्हा शोधलं. मग मुलीला फोन लावला. "अगं, बाबा कुठे गेले बघ ना."

मुलगी धावत आली. कॅमेऱ्यासोबत आलेली तबकडी शोधून तिने मला परत बसवलं. फायली मात्र दुरुस्तीच्या दुकानातही कोणाला परत आणता आल्या नाहीत. जावईबापू डोकं धरून बसले. "आई, एका शब्दाने सांगायचंत हो!"

"कशी सांगू? लाज वाटली," आई म्हणाल्या.

मित्रांनो, फाइल उघडली नाही म्हणून तिला लगेच बिघडलेली ठरवू नका. तिला उघडणारा कोण होता, ते आधी शोधा. आणि दुसऱ्याच्या घरातलं काही टाकण्याआधी दोनदा विचारा. पहिल्यांदा माणसं संकोचाने नाहीच म्हणतात.

कॉम्प्युटर आता झपझप चालतो. आई अजूनही दुपारी दार लोटून त्याच्यासमोर बसतात. काहीच लावत नाहीत. काळ्या पडद्याकडे बघून हळूच म्हणतात, "लागलाय की. केव्हाचा लागलाय."

त्यानंतरचं हसू उलगडून द्यायचं काम माझं. मी जागेवर आहे, पण माझ्याकडे उलगडायला काहीच नाही.