शलाकाची तिसरी पट्टी

कंबरेच्या ऑपरेशननंतर शलाकाच्या उजव्या पायातली ताकद गेली. पाय उचलला की पंजा खाली लोंबायचा. बाजारची आधारपट्टी टोचते म्हणाली, तसं तिच्या नवऱ्याने स्वतःच पट्टी बनवायला घेतली. कौशिक कॉलेजच्या प्रयोगशाळेत इपॉक्सी नावाच्या राळेवर आणि काचेच्या धाग्यांवरच काम करायचा. पोटरीमागून येऊन तळव्याखाली बसणारी पट्टी त्याला काय अवघड?

पहिली पट्टी वजनाखाली जराही वाकली नाही. पण शहाण्याने ती तपासली कुठे, तर एसीच्या खोलीत! झाशीत राहून! गेल्या चैत्रात शलाका हळदीकुंकवाला निघाली, खंडेराव गेटपर्यंतच्या तापल्या डांबरावर इपॉक्सी मऊ पडलं, पट्टी लवली आणि ती भर रस्त्यात पडली.

दुसऱ्या पट्टीत त्याने सिलिकाची भुकटी मिसळली, साध्या डोळ्यांना कणही दिसू नये इतकी बारीक. चिमूटभराने ताकद वाढते, म्हणून याने मूठभर घातली. पिठल्यात होतात तशा गुठळ्या झाल्या आणि एका गुठळीपाशीच तडा गेला. नशीब, शलाका घरात होती, भिंत धरता आली. तेव्हापासून कौशिक तिला हात धरल्याशिवाय अंगणातही जाऊ देईना. झाशीत मराठी घरं ती किती! त्या घरांतल्या बायका शलाकाकडे येऊन हळूच कुंकू लावून जायच्या, आणि त्यांच्या आवाजातली कीव तिला झोंबायची. यंदा तिला स्वतःच्या पायांनी जायचं होतं.

तिसऱ्या पट्टीत भुकटी बेताचीच होती, पण इपॉक्सीत पुरती घोटलेली. पट्टी भट्टीत हळूहळू तापवून पक्की केली. मग तिच्यासोबतच चाचणीसाठी बनवलेली जुळी पट्टी साठ अंशांना तापवून, तशीच गरम असताना वजनाखाली घातली.

"मी येतो बरोबर," कौशिक म्हणाला.

"बायकांच्या हळदीकुंकवात? ओटी भरून घ्यायचीय का तुला?"

"पडलीस तर?"

"साठ अंशांत टिकली ना ती? मग स्वतःच्या कामावर भरवसा नाही तुझा?"

"कामावर आहे गं. नशिबावर नाही."

शलाकाने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि एकटी निघाली. ऊन कलतं झालं होतं, रस्ता मात्र अजून भाजत होता. कौशिक दारात उभा राहिला, आत आला, पुन्हा दारात गेला.

तासाभराने फोन वाजला. "कल्याणीकाकूंकडे ये. स्कूटर घेऊन. लगेच!" एवढं बोलून शलाकाने फोन ठेवला.

कौशिक धावतच बाहेर पडला. स्कूटर कशी हाकली हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

काकूंच्या फाटकात शलाका उभी होती. ताठ. कपाळभर कुंकू, हातात भलीमोठी किटली.

"काकूंनी पन्हं दिलंय. हे घेऊन कुठे फिरू? घरी ने."

"आणि तू?"

"माझी अजून दोन घरं राहिलीत."

आतून काकू ओरडल्या, "अरे लल्ला, ले जा ना! रस्त्यात काय उभा राहिलास?"

त्याने किटली स्कूटरला अडकवली. डोळे भरून आले होते, ते त्याने बाहीने पुसले. शलाका चालू लागली होती, टाच टेकवून, मग पंजा. तिच्यामागे जावंसं त्याला फार वाटलं. त्याने स्कूटर घराकडे वळवली.