शिडावरचं एलपबंदर

मी उत्तनच्या किनाऱ्यावरचं एक शीड बोलतोय. वारा धरण्यासाठी शिवलेलं जाड सुती कापड, एवढीच माझी ओळख. पण माझ्या अंगावर एक अख्खं शहर आहे, आणि ते मोडायला माणसं येऊन गेलीत. म्हणून तोंड उघडलं.

मला सेबॅस्टियननं शिवलं. आठ दिवस अंगणात पाय पसरून बसला होता, दाभण टोचून बोटं सुजली तरी उठला नाही. सात वर्षं मी त्याची होडी ओढली. १९६४ साली होडीला इंजिन बसलं. ते पहिल्यांदा धडधडलं तेव्हा किनाऱ्यावर टाळ्या वाजल्या आणि मी माळ्यावर गुंडाळून पडलो. पुढं माझं काम एकच राहिलं. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडणीवर, बोंबील सुकत असताना आभाळ भरून आलं की मला त्यांच्यावर टाकायचं.

सेबॅस्टियनची मुलगी आयडा. तिच्या दोन्ही कानांची वरची टोकं जन्मापासून निमुळती होती. सुईणीनं तेल लावून महिनाभर दाबून पाहिली, टोकं काही हटली नाहीत. मग तिची आई सेलीन तिच्या वेण्या कानांवरून घट्ट बांधू लागली.

आयडा तेरा वर्षांची असताना शाळेतल्या सिस्टरनं वर्गात एक परदेशी चित्रांचं पुस्तक आणलं. त्यात रानात राहणारी, टोकदार कानांची उंच माणसं होती. "यांना एल्फ म्हणतात," सिस्टर म्हणाल्या, आणि सगळा वर्ग आयडाकडं वळला. घरी येईपर्यंत एल्फचं 'एलप' झालं होतं. "एलप आयली, एलप आयली" करत पोरं दारापर्यंत आली.

ती रडली नाही. तिनं मला माळ्यावरून ओढलं, अंगणात पसरलं, होडीचा उरलेला निळा रंग आणि डांबराचा डबा घेतला, काथ्याचा कुंचला केला.

"एलप ना," ती स्वतःशीच म्हणाली. "मंग एलपांना गाव पायजे."

आधी तिनं बंदर काढलं, कारण होड्या तिला जमत होत्या. त्यावर उंच दिव्याची माडी, नाव नजरमाडी. बंदरातून वर गेलं की कानउघाडणीचा चौक. तिथं दर रविवारी पोरांनी मोठ्यांना सुनवायचं आणि मोठ्यांनी मुकाट ऐकून घ्यायचं. चौकामागं तिनं कुजबुज गल्ली काढली आणि लगेच तिच्या दोन्ही तोंडांना भिंत घातली. टेकडीवर झाडांच्या फांद्यांतून बांधलेली घरं, त्यांना जोडणारे दोरीचे पूल. शहराचं नाव एलपबंदर.

शेजारची चंपा म्हावरं विकून आली की रिकामी टोपली उतरवून बघत बसायची.

"ह्यो कसला बाजार?"

"हळूबाजार. हितं कोणी वरडत न्हाय. एलपांना हळू बोललेलं बी ऐकू येतं."

चंपानं जरा विचार केला. "वरडल्याबिगर म्हावरं इकायचं कसं? पापलेट कुजंल ना."

आयडाला ते पटलं. दुसऱ्या दिवशी हळूबाजारापलीकडं तांबड्या रंगात गलकेपाडा उभा राहिला. त्यात सगळ्यात मोठ्या तोंडाची बाई चंपाच होती, टोकदार कानांची. चंपानं स्वतःचे कान चाचपून पाहिले आणि खूश होऊन घरी गेली.

मग गल्लीतली माणसं जागा मागायला येऊ लागली. एकीला दाराशी गोड्या पाण्याची विहीर हवी होती. एका म्हाताऱ्याला समुद्र अजिबात न दिसणारं घर हवं होतं, कारण समुद्रानं त्याचा भाऊ नेला होता. आयडा सगळ्यांना घर द्यायची. सगळ्यांना टोकदार कानही द्यायची, त्यात सूट नव्हती. सहा वर्षांत मी काठापर्यंत भरत आलो. वाऱ्यानं फुगायचो तेव्हाही मला इतकं भरल्यासारखं वाटलं नव्हतं.

१९७२ साली मनोरीहून जेरोमचं स्थळ आलं. मुलगा गोदीत नोकरीला, दिसायला चांगला, बोलायला कमी. त्याची आई सरबत पिताना अंगणाच्या भिंतीवर टांगलेल्या मला निरखत होती.

"पोरगी कामाची हाय," ती म्हणाली. "कानांचं म्हनाल तर मुंबईला डाक्टर हाय. वरची टोकं कापतो, आठ दिसांत जखम भरते. लग्नाआधी करून घ्या. आन् हे सैतानाचं कापड जाळून टाका."

मुलीचं लग्न मोडेल या भीतीनं माणूस काय करतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. सेबॅस्टियन उठला, म्हावरं कापायची सुरी घेऊन माझ्यापाशी आला. "जाळत न्हाय," तो म्हणाला. "तुकडे करून बोंबलांवर घालतो."

आयडा मध्ये उभी राहिली. "पापा, आधी माझे कान काप. मंग गाव."

"बाजूला हो."

ती हलली नाही. सेबॅस्टियनचा हात तसाच राहिला.

तेवढ्यात सेलीन दारातून पुढं आली. तिनं अंबाडा सोडला आणि कानांवरचे केस मागं सारले. तिचेही कान तसेच होते. इतकी वर्षं त्या घरात राहून मला ते कळलं नव्हतं. सेबॅस्टियनला ठाऊक होतं. ते न बघण्याची त्यानं सवय करून घेतली होती.

"मी आयुष्यभर झाकले," सेलीन आवाज न चढवता म्हणाली. "उन्हाळ्यात जीव घाबरा व्हायचा, तरी झाकले. त्यात कोनाचं काय भलं झालं, ते मना सांगा."

सेबॅस्टियननं सुरी खाली ठेवली.

पाहुणे उठले. निघताना जेरोम आयडाजवळ थांबून हळूच म्हणाला, "माझं तसं काय म्हननं न्हाय."

"तेच तर," आयडा म्हणाली. "तुझं काय म्हननंच न्हाय."

स्थळ गेलं. पुढं दुसरंही आलं नाही. सेलीन दोन दिवस रडली, कारण मुलीचं लग्न तिलाही हवंच होतं. आयडानं केस डोक्यावर उंच बांधले, टोपली घेतली आणि चंपाबरोबर भाईंदरच्या बाजारात बसू लागली. पहिल्याच दिवशी काय झालं ते चंपा अजून सांगते. एका गिऱ्हाइकानं वाकून विचारलं, "ये कान असली है क्या?"

"म्हावरा असली है," आयडा म्हणाली. "लेना है तो वो देखो."

त्यानं हलवा मासा घेतला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला.

यंदा, १९७८ साली, गावच्या मंडळाची माणसं घरी आली. कार्यक्रमाला मागचा पडदा म्हणून मी त्यांना हवा होतो. चित्र छान आहे म्हणाले, फक्त तेवढे कान गोल करून द्या, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. आयडा बाजारात गेली होती. सेबॅस्टियन जाळं शिवत बसला होता, त्यानं मानही वर केली नाही.

"शीड माझं हाय, गाव तिचं हाय," तो म्हणाला. "कान हायेत तसे ऱ्हातील. न्यायचं तर न्या, न्हायतर चला."

ते गेले, मी भिंतीवरच राहिलो. आता माझा काठ उसवलाय, डांबराच्या रेषांना भेगा गेल्यात, नजरमाडीच्या पायथ्याशी उंदरानं भोक पाडलंय. माझे फार दिवस उरले नाहीत, हे मला कळतं. दया दाखवू नका. सुई-दोरा असेल तर ठिगळ लावायला या, घर हवं असेल तर जागा मागायला या. पुसायला मात्र येऊ नका.