कठडा नसलेली गच्ची

“वाकून बघा हवं तर. कठडा नाहीच आमच्या गच्चीला,” आजी अशा थाटात म्हणाली, जणू नसलेली वस्तू दाखवणं हीच पाहुण्याची सरबराई.

घरपट्टीच्या कचेरीतून एकटेच आलेले मोजणी कारकून, ज्यांना सगळं शहर ‘टेपवाले’ म्हणे, वाकले नाहीत. कठडा नाही म्हणजे घर अपुरं, आणि अपुऱ्या घराला पट्टी नाही, हा नियम तीस वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिला होता. बांधकामाने कंबर मोडलेल्या माणसाला दोन वर्षं श्वास घेता यावा, एवढाच भाबडा हिशेब. लोकांनी तो श्वास तीस वर्षं रोखून धरला. आता अख्खं शहर अपुरं होतं. दारात गाडी, खाली गुळगुळीत फरशी आणि गच्चीच्या कडेला उघड्या सळया.

अर्ज सुनेचा होता. कठडा बांधला तर पट्टी किती? टेपवाल्यांनी आकडा सांगितला. कठड्याला खर्च गवंड्याच्या आठवड्याच्या मजुरीएवढा, पण शेवटची वीट बसली की सगळ्या घराची पट्टी चालू. वर्षाला नवऱ्याचा दीड महिन्याचा पगार.

“ऐकलंस?” आजी सुनेकडे वळली. “चार पोरं याच गच्चीवर वाढवली मी. काय झालं त्यांना?”

“मग तुमच्या लेकाचा पाय काय जन्मापासून वाकडा आहे?”

टेपवाल्यांनी कागदात डोकं घातलं. ते वर काढलं तेव्हा सुनेचा पदर धरून उभी असलेली, नुकती चालायला लागलेली नात तिथे नव्हती.

ती कडेला होती. एका हाताने सळई धरून खाली बघत होती.

सुनेचं तोंड उघडलं. टेपवाल्यांनी हात वर करून तिला थांबवलं. ओरडलं की पोर दचकणार. ते हळूच खाली बसले आणि टेपची पिवळी पट्टी फरशीवरून सरकवली. खर्र आवाज झाला. पोरीने मान वळवली. त्यांनी पट्टी वीतभर मागे ओढली. सळई सुटली. पोर झेलपाटत एक पाऊल पुढे आली, पट्टीवर झडप घातली, चुकली. आणखी वीतभर. आणखी एक. मग सुनेने तिला उचललं आणि घट्ट धरून गच्चीच्या मधोमध नेलं.



“कर जागेवर लावा की,” आजी टेपवाल्यांना म्हणाली. “जागा काय पळून जाते? वर कोण काय बांधतं, त्याच्यावर कशाला डोळा?”

गेल्या तीस वर्षांत टेपवाल्यांनी याच विषयावरचे जाडजूड अहवाल बाडात बांधले होते. एवढा आटोपशीर एकही नव्हता.

निवृत्तीला महिना उरलेला. जाताजाता काही उकरून काढू नका, असं साहेबांनी बजावलंही होतं. टेपवाल्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘पट्टी जागेवर असावी. कठड्यावर लावली की कठडे होत नाहीत. मूळ नियम माझा, चूकही माझी.’ खाली नेहमीची आद्याक्षरं न करता पूर्ण सही केली.

“होईल मंजूर?” सुनेने विचारलं.

“वर्ष जाईल. दोनही.”

“तोवर?”

त्यांनी टेप पुरी उलगडली, सळयांना दोन पदर आवळून बांधली आणि गाठ ओढून पाहिली.

“पण हा तर कठडाच झाला! पट्टी लागेल,” आजी घाबरून म्हणाली.

“छे,” टेपवाले कचेरीच्या आवाजात म्हणाले, “मोजणी चालू आहे.”

जिन्यालाही कठडा नव्हता. भिंतीला रिकामा हात लावून, एकेक पायरी चाचपत ते खाली उतरले.