छत्रीची छाटणी

राजकुमार हिवराळे यांच्या बजाजनगरातल्या घरात, हॉलमध्ये जिथं बाकीच्यांची शोकेस असते तिथं, चार फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. समुद्रापासून खूप दूर, पिशोरला जन्मलेल्या या माणसानं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो पस्तिशी उलटल्यावर, कंपनीच्या सहलीत. तिथं उथळ पाण्याखाली हलणारं कोरल दिसलं आणि ते पुन्हा डोक्यातून गेलंच नाही. वाळूजच्या एका कारखान्यात ते टूलरूममध्ये होते. केसाहून बारीक मापाचं काम करणारे हात. टाकीचं स्टँड, पाणी गाळायची खालची पेटी, पाइपांची जोडणी, सगळं त्यांनी स्वतः बनवलं. शहरात पाण्याची बोंब असताना हिवराळे मात्र पाण्यात मीठ कालवत बसतात, अशी कॉलनीत थट्टा व्हायची.

अकरा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका शौकिनानं त्यांना अंगठ्याएवढा मऊ कोरलचा तुकडा दिला होता. जाड देठ, वर अळंबीसारखी टोपी, आणि टोपीवर शेकडो बारीक बोंडं, ती प्रवाहात डुलायची. घरात त्याचं नाव पडलं छत्री. छत्री भराभर वाढायची. राजकुमार दर सहा महिन्यांनी तिची टोपी छाटायचे, तुकडे दगडाला बांधायचे आणि मागेल त्याला देऊन टाकायचे. त्यात त्यांना कधी हळहळ वाटली नाही.

पण गेलं वर्षभर छाटणी झालीच नव्हती. छत्री परातीएवढी पसरली होती. टाकीचा उजवा कोपरा तिच्या सावलीत गेला होता, आणि तिथंच त्यांचं आवडतं हिरवं कडक कोरल होतं.

त्यांची मुलगी विशाखा शहराच्या दुसऱ्या टोकाला, सिडकोत राहायची, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. दर रविवारी ती माहेरी यायची. तिच्या ते केव्हाच लक्षात आलं होतं.

"पप्पा, हिरवं कोरल पांढरं पडायलंय. छत्री कधी कापायची?"

"बघू पुढच्या आइतवारी."

"मागच्या आइतवारी पण हेच म्हणलात."

"वाढायली तर वाढू दे ना. तुला काय त्रास हाय तिचा?"

विशाखाला हे उत्तर खटकलं. छत्री दिसायला मऊ, पण ती पाण्यात असं काही सोडते की शेजारची कडक कोरलं सुकत जातात, हे तिला पूर्वी त्यांनीच सांगितलं होतं. एकाला मोकळं सोडलं तर टाकी एकाचीच होते, हेही त्यांचंच म्हणणं. मग आता काय झालं? तिनं आईला विचारलं.

"जीव जडलाय त्यांचा," सुरेखाबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. "रिटायर झाल्यावर माणूस हळवा व्हतो." पण बोलताना त्यांनी विशाखाकडे पाहिलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी विशाखा सकाळी लवकरच आली, ती पिशवी भरूनच. हातमोजे, डोळ्यांत थेंब उडू नयेत म्हणून चष्मा, नवी धारदार पाती, दोन बादल्या.

"आज करायचंच," ती म्हणाली. "तुम्ही कापा, मी तुकडे बांधते."

राजकुमारांनी कंबर दुखते असं सांगून पाहिलं. मग चहा मागितला. शेवटी ते उठले, शर्टाची बाही वर सारली, मोजे घातले. विशाखानं पंप बंद केले. पाण्याची घरघर थांबली आणि टाकीचा वरचा थर आरशासारखा स्थिर झाला. राजकुमारांनी पातं घेऊन हात मनगटापर्यंत आत घातला.

त्या स्थिर पाण्यावर बारीक तरंग उठायला लागले. मनगटाभोवती गोल गोल, एकामागून एक. विशाखाला आधी वाटलं पंप चालू राहिला. मग तिला पातं दिसलं. ते टोपीच्या कडेशी नुसतं थरथरत होतं.

राजकुमारांनी हात बाहेर काढला आणि पातं टेबलावर ठेवलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"वरीस झालं. आधी चष्म्याचा स्क्रू बसंना. म्हणलं वयानं असंल." त्यांनी मोजा ओढून काढला. "ते हिरवं सावलीनं नाय मेलं, विशाखा. जूनमधी तुझी आई बाहेर गेल्ती, तवा मी छत्री कापायला गेलो. पातं घसरलं. नीट बघ त्याच्याकडं."

तिनं वाकून पाहिलं. सावलीही होतीच, पण हिरव्या कोरलाच्या मधोमध एक पांढरी सरळ रेघ होती आणि तिथून दोन्ही बाजूंना ते विरत गेलं होतं. इतके रविवार ती त्या काचेपुढं उभी राहिली होती आणि तिला ती रेघ दिसली नव्हती. लॅबमध्ये दिवसभर काचपट्ट्या तपासणारी आपण, तिला वाटलं, आणि घरात बघितलं काय? मनातल्या मनात त्यांना हट्टी ठरवलं.

"सांगायचं होतं ना, पप्पा."

"काय सांगू? टूलरूममधी पोरं माझ्या हाताकडं बघून शिकली. त्या हाताचं काय सांगू?"

स्वयंपाकघराच्या दारात सुरेखाबाई उभ्या होत्या. "मला म्हाईत होतं," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या कपात अर्धाच चहा देते मी किती दिवसापासून. सांडला तर तुम्हाला वाईट वाटंल म्हणून."

राजकुमारांनी बायकोकडं पाहिलं. "मला वाटलं दूध कमी येतंय," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं, आणि मग डोळ्यांत पाणीही.

थोड्या वेळानं विशाखानं तेच पातं उचललं. "सांगा. मी कापते."

"माझ्यासारखं टाकीत नगं कापू. दगडासकट काढ बाहेर. टाकीचं पाणी घे बादलीत, त्याच्यात ठेव."

नारळाएवढा दगड दोन्ही हातांनी उचलून तिनं बादलीत ठेवला. छत्री क्षणात आक्रसली, बोंडं मिटली, चामड्यासारखी दिसायला लागली. राजकुमार खुर्ची ओढून शेजारी बसले.

"कडंकडंनं कातरत बसू नको. येकदाच, गोल. श्वास सोड आन् मग काप. धरून ठेवलेल्या श्वासानं हात ताठतो."

पातं आत गेलं. रबरासारखं लागलं, मग सटकन पुढं सरकलं. चिकट द्रव सुटला, उग्र वास आला. विशाखा मध्येच थांबली तसे ते म्हणाले, "थांबू नको. अर्धवट जखम लई वाईट." तिनं कापत नेलं. टोपीचं मोठं कडं सुटून बादलीत पडलं आणि देठावर मुठीएवढीच टोपी उरली. दुसऱ्या बादलीतल्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात देठ खळबळून तिनं तो जागेवर ठेवला. कड्याचे सात तुकडे झाले. ते दगडांच्या तुकड्यांवर ठेवून तिनं वरून जाळी बांधली. राजकुमारांनी सांगितल्याप्रमाणे पाणी बदललं, सुटलेला द्रव शोषून घेणाऱ्या नव्या कोळशाची पिशवी खालच्या पेटीत टाकली. उजव्या कोपऱ्यात वर्षानंतर पुन्हा उजेड पडला.

बुधवारी तिनं त्यांना मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, कागदावर गोल काढायला लावला. कंपवात आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. थरथर कमी होईल, पूर्ण जाणार नाही, असं स्पष्टच सांगितलं. परतताना राजकुमार म्हणाले, "निदान नाव तरी कळलं त्याचं."

छत्री दोन आठवडे मिटून बसली होती. सुरकुतलेली, करडी. विशाखा रोज फोन करायची आणि ते म्हणायचे, "अजून नाय." सोळाव्या दिवशी त्यांनी स्वतःच फोन केला. कापलेल्या कडेवर बोंडं उघडली होती. हिरव्या कोरलाचा अर्धा भाग गेला तो गेलाच. त्याच्यावर शेवाळ चढलं. उरलेल्या अर्ध्याचा रंग मात्र टिकून राहिला.

महिन्याभरानं संघपाल तुकडा न्यायला आला. टूलरूममध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःच तिथला सुपरवायझर. राजकुमार सवयीनं टाकीकडं गेले, बाही वर सारली आणि थांबले.

"संघपाल, माझा हात थरथरतो आता. तूच उचल."

संघपाल गडबडला. "व्हय, सर," एवढंच म्हणाला.

"जाळीला धर. तुकड्याला दाबू नको."

त्यानं दगड अलगद वर काढला. पाणी निथळू दिलं. राजकुमार बाजूला उभे राहून त्याच्या बोटांकडं बघत होते, आणि मध्येच म्हणाले, "अंगठा जरा खाली घे. व्हय. आता बरोबर."