प्रश्नामागचा प्रश्न

सुखदेव साळव्यांनी उभा जन्म पीएमटीच्या डेपोत, कंट्रोलरच्या खिडकीमागे बसून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. आणि ती कशी दिली, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. "कात्रजची गाडी कधी येईल हो?" "निघाली की येईल." "पण निघणार कधी?" "आली की निघेल." असा माणूस निवृत्त झाल्यावर लोकांना मायेनं प्रश्न विचारू लागला, हा चमत्कारच म्हणायचा, आणि त्यांची बायको शालन चर्चच्या महिला मंडळात तो तसाच सांगत असे.

त्याचं झालं असं, की चर्चमध्ये नगरकडचे एक पाळक शिकवणीसाठी आले होते. ते म्हणाले, "तुम्ही उपदेश सुरू केलात की समोरचा मनाचं दार लावून घेतो. प्रभूनं लोकांना किती प्रश्न विचारले ते पाहा. तसं विचारा, आणि विचारल्यावर गप्प बसा. त्यानं उलट तुम्हालाच काही विचारलं, तर उत्तराची घाई करू नका. त्याच्या प्रश्नामागचा प्रश्न शोधा आणि तो त्याच्यापुढे ठेवा. उत्तर त्याचं त्याला सापडलं, तरच ते त्याचं."

साळव्यांना हे फार पटलं. उपदेश त्यांना कधीच जमला नव्हता. गप्प बसणं मात्र सहज जमण्यासारखं होतं. डेपोतला जुना कंडक्टर कचरू त्यांच्या प्रश्नांनी दारू सोडून चर्चच्या शेवटच्या बाकावर येऊन बसायला लागला, तेव्हा तर साळव्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कुणी "चहा घेणार का?" विचारलं तरी ते विचारात पडायचे. शालन वैतागून म्हणायची, "अहो, कधीतरी सरळ हो किंवा नाही म्हणा की!"

त्यांच्या वारज्याच्या सोसायटीत, समोरच्याच इमारतीत बापूराव राहत. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, छप्पन साली दीक्षा घेतलेल्या बापाचे चिरंजीव. दोघांची दोस्ती जुनी. सकाळी दुधाच्या रांगेत भेट झाली की बापूराव म्हणायचे, "सलाम, साळवे," आणि साळवे म्हणायचे, "जय भीम." ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या धर्मातला नमस्कार करायचा, असा त्यांचा शिरस्ताच होता.

बापूरावांचा प्रज्ञेश अमेरिकेत कॉम्प्युटरवर होता. त्याच्या विमानाच्या दिवशी सगळी सोसायटी फाटकापर्यंत गेली होती. दोन हजार एक साली तिकडच्या कंपन्या धडाधड बसल्या, आणि पोरगा मोठ्या दोन बॅगा घेऊन परत आला. मग लोकांना काय, ऊत आला. "परत कधी जाणार?" "इकडे पॅकेज किती देतात?" "व्हिसाचं काय झालं?" जिन्यात, किराणा दुकानात, जो भेटेल तो विचारी. पोरगा जिन्याचा दिवा बंद असताना खाली उतरू लागला.

साळव्यांनी त्याला वेगळंच विचारलं. "तुझं काम गेलं, तेव्हा नेमकं काय गेलं रे तुझं?"

प्रज्ञेश बराच वेळ गप्प राहिला. साळवेही गप्प राहिले. मग तो म्हणाला, "काका, तिथं मला सगळे प्रॅग म्हणायचे. इथं आलो तर प्रज्ञेश पण सापडेना." त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी साळव्यांच्या गॅलरीत येऊन बसू लागला. शालन त्याला जेवल्याशिवाय सोडत नसे.

बापूरावांना सगळं माहीत होतं. ते एकदा हसून म्हणाले, "विचारा की, साळवे. पारखून घ्या, मगच माना, असं आमच्या बुद्धानंच सांगितलंय. पोरगं तुमच्याकडं वळलं, तर मी म्हणेन, पारखून वळलंय." एवढं मोठं मन साळव्यांनी आपल्या चर्चमध्येही पाहिलं नव्हतं.

आणि पोरगा वळत होता. तो बायबल मागून घेऊन गेला. एकदा त्यानं विचारलं, "काका, ज्याचा काही यूज नाही, अशा माणसाचं तुमचा देव काय करतो?" साळव्यांना सांगावंसं वाटलं, की अरे लेकरा, तो त्याला आधी जवळ घेतो. शब्द जिभेवर आले होते. पण ते गिळून त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं, काय करत असेल?" प्रज्ञेश विचार करत घरी गेला. गुरुवारच्या प्रार्थनासभेत साळव्यांनी सांगितलं, "एक तरुण अगदी दाराशी आलाय. प्रार्थना करा." सगळ्यांनी केली.

नाताळ जवळ आला होता. त्या संध्याकाळी साळवे गॅलरीत कागदी तारा बांधत होते, शालन चर्चमध्ये करंज्या करायला गेली होती. प्रज्ञेश आला. खाली मोटरसायकल लावून आला होता. एरवी तो चालत येई. बसलाही नाही. म्हणाला, "घरी मुलीकडचे येणारेत. सगळं परत विचारतील." मग थोड्या वेळानं म्हणाला, "काका, आज रात्री इथं राहू का?"

साळव्यांचा हात ताऱ्याच्या दोरीवर थांबला. हाच तो क्षण, असं त्यांना वाटलं. प्रश्न आला होता, आता त्याच्यामागचा प्रश्न शोधायचा. तो त्यांना सापडला, आणि त्यांनी अगदी मायेनं विचारला, "बाळा, तुला नेमकं कशापासून लांब जायचंय?"

विचारला आणि नियमाप्रमाणे गप्प बसले. खरं सांगायचं तर इतका चांगला प्रश्न आपल्याला आजवर सुचला नव्हता, असं त्यांच्या मनात येऊनही गेलं. प्रज्ञेश त्यांच्याकडे पाहत राहिला. मग हसला.

"काका, तुम्ही पण," म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

शालन घरी आल्या आल्या तिनं विचारलं, "प्रज्ञेश जेवला का?" साळवे म्हणाले, "थांबला नाही तो." तारा तिरका लागला होता, तिनं तो सरळ केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कात्रजच्या जुन्या घाटात, वळणाखालच्या दरीत प्रज्ञेश सापडला. गाडी घसरली असेल, असं पोलीस म्हणाले. असेलही. तो घाटात कशाला गेला होता, हे मात्र कुणालाच सांगता येईना.

त्यानंतर साळवे रोज पहाटे गुडघे टेकत. पोरगं घसरून पडलं, की स्वतःहून गेलं? मी हो म्हटलं असतं तर? वरून चकार शब्द येत नव्हता. विचारल्यावर गप्प बसायचं, हे मी शिकलो. आता देवही माझ्यापुढे तेच करतोय, असं त्यांना वाटे आणि ते तिथंच रडत.

प्रज्ञेशच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. बापूरावांच्या बायकोला तिचा भाऊ माहेरी घेऊन गेला. त्याच संध्याकाळी बापूराव साळव्यांच्या दारात उभे राहिले.

"सलाम, साळवे."

"जय भीम. या, बसा."

बापूराव गॅलरीत पोराच्या खुर्चीत बसले. "त्या दिवशी तो इथं आला होता ना? काय म्हणाला?"

शालन पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिलाही हे अजून कळलं नव्हतं. तुम्हाला असं का विचारावंसं वाटतं, बापूराव, हा प्रश्न सवयीनं साळव्यांच्या ओठांवर आला. त्यांना स्वतःची किळस आली.

"आज रात्री इथं राहू का, म्हणाला."

"मग तुम्ही नाही म्हणालात?"

"नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. मी त्याला प्रश्न विचारला."

"काय विचारलंत?"

साळव्यांनी सांगितलं. शालनच्या तोंडून "अहो!" एवढंच निघालं. बापूरावांनी तो प्रश्न पुन्हा एकदा हळूहळू, स्वतःशीच म्हणून पाहिला.

"चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. असता तर साळव्यांना सोसला असता. "मी तर त्याला एवढंच विचारायचो, की नोकरीचं काय झालं."

खाली पोरं क्रिकेट खेळत होती. मग बापूराव म्हणाले, "साळवे, एक विचारतो. आमच्यात देवाचं काही नाही. पण तुमच्यात, असा गेलेला पोरगा देव घेतो का?"

"माहीत नाही, बापूराव," साळवे म्हणाले. "घेत असेल. घ्यायलाच पाहिजे त्यानं. पण माहीत नाही."

बापूरावांनी मान हलवली. ते उठले, दारापर्यंत गेले, चपलेत पाय घातला आणि तिथंच उभे राहिले. समोरच्या इमारतीत त्यांच्या घराची खिडकी काळी होती.

"त्याच्या दोन्ही बॅगा अजून बाहेरच्या खोलीत आहेत," ते पाठमोरेच म्हणाले. "एकट्यानं जाववत नाही हो. आज इथंच पडू का?"

"राहा," साळवे म्हणाले. त्यांना उठायलाही सुचलं नाही. "राहा, बापूराव. राहा."

इतका सोपा शब्द होता तो. शालन डोळ्यांना पदर लावत आत अंथरूण काढायला गेली, आणि साळवे तो तीनदा म्हणूनही थांबेनात, "राहा रे, राहा," असं त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणतच राहिले.