सड्यावरचं झाकण

मित्रांनो, मी एक जुनी शिळा आहे. 'दगडासारखा काय बसून राहिलास?' असं तुम्ही एखाद्या आळशाला म्हणता. म्हणणाऱ्याने एकदा दगड होऊन बघावं. मला कुणी बसूच दिलं नाही.

रत्नागिरीपासून थोडं दूर, खाडीच्या डोक्यावर जांभ्या दगडाचं उघडं पठार आहे, आमच्याकडे त्याला सडा म्हणतात. खालच्या वाडीला अजून नावही नव्हतं, इतक्या जुन्या काळी काही माणसांनी तिथे चार शिळा उभ्या करून जमिनीत अर्धी पुरलेली एक पेटी केली. एका शिळेला वरच्या अंगाला गोल भोक ठेवलं. आतल्याला बाहेर डोकावता यावं म्हणून असेल. पेटीत काळं-तांबडं मडकं ठेवलं आणि मडक्यात कुणाची तरी हाडं. हाडं लहान होती. मग ओंडक्यांवरून ढकलत मला वर आणलं आणि झाकण म्हणून ठेवलं. एका बाईने माझ्यावर हात टेकला, तो तिला बराच वेळ उचलवेना. माझं काम काय, ते मला तेव्हाच समजलं. हलायचं नाही.

ते काम मी चोख केलं. माझ्यावर गुरं बसली, गुराखी झोपले, सापांनी कात टाकली. मी हलले नाही.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. वाडीतला काशीराम सड्यावर आला. हा माणूस कुठलीही वस्तू दिसली की आधी तिची लांबी-रुंदी बघायचा. ती कुणाची आहे हा प्रश्न त्याला मागाहून सुचायचा, कधी कधी सुचायचाच नाही. सोबत त्याचा मित्र केरू होता.

"केरू, ही बघ. पऱ्यावरच्या साकवाला अगदी मापात बसते."

"अरे, पण कुणीतरी ठेवलीन असेल ना ती?"

"मग ठेवणारा विचारायला येतोय काय आता? धर पहार."

त्यांनी मला उचकटलं आणि आतलं मडकं दिसलं. केरू पहार टाकून मागे सरला. काशीरामने मात्र घरून नारळ मागवला, खड्ड्याच्या कडेला ठेवला आणि म्हणाला, "राखणदारा, रागावू नको हां." वर काट्याच्या चार फांद्या टाकल्या आणि मला ओढत खाली नेलं. माणसांची ही रीत मला मोठी गमतीची वाटते. न्यायचं तर ठरलेलंच असतं. नारळ ठेवला की विचारल्यासारखं होतं.

तर मी साकव झाले, पऱ्याच्या ओढ्यावरचा छोटा पूल. पावसात पाण्याला जाणाऱ्या बायकांची ओढा ओलांडायची सोय झाली आणि वाडीने काशीरामची वाहवा केली. माझी कुणी केली नाही. मी आडवी पडले होते, वरून पाय जात होते, खालून पाणी. पाण्याला एक क्षण दम नाही, त्यात मीही आतून हलत राहिले. पावसाची सर आली की वाटायचं, वर ती पेटी उघडी आहे. मडक्यात पाणी साचलं असेल.

याची चौकशी सगळ्या वाडीत एकटी तुळसा करायची. तुळसा म्हणजे काशीरामची थोरली भावजय. तिचा नवरा बाबल्या मुंबईच्या फेऱ्या करणाऱ्या मचव्यावर खलाशी होता. ती सड्यावर लाकडांना गेली की खड्ड्यावरच्या सरकलेल्या फांद्या नीट लावून यायची आणि माझ्याजवळ धुणं धुताना मला सांगायची, "हाय गो बाळ तुझं. ठीक हाय."

पुढे शहरातून हरिश्चंद्र मास्तर तो खड्डा बघायला आले. बघून झाल्यावर माझ्यावर बसून त्यांनी पाय पाण्यात सोडले आणि काशीरामला जगाची माहिती द्यायला सुरुवात केली. विलायतेकडे म्हणे उभ्या दगडांवर आडवा दगड ठेवून मेलेल्यांसाठी चौरंगासारखं घर करत. मलबारात दगडाची छत्री. विदर्भात नुसतं धोंड्यांचं रिंगण, आत माणूस आणि त्याचा घोडाही. खासी डोंगरात तर अजूनही गेलेल्यांच्या नावाने दगड उभे करतात. मिसर देशात राजावर दगडाचा डोंगर रचत.

मी ऐकत होते आणि तुलना करत होते. कुणाचा दगड उंच, कुणाचा रुंद. पण काम सगळ्यांचं एकच. मग त्या सगळ्यांतली मीच एकटी का इथे पायाखाली? त्या दिवसापासून माझी तळमळ दुप्पट झाली.

शेजारी धुणं धुणाऱ्या तुळसाने पिळे टोपलीत टाकले. "मास्तर, आपल्यात तर जाळतात. आपल्याला दगड नाय?"

"आहे की! जीवखडा. चितेपाशी उचलतात तो. दहा दिवस त्यालाच पाणी द्यायचं आणि मग त्याला पाण्यात सोडायचं. त्यांचा दगड हजारो वर्षांचा, आपला दहा दिवसांचा."

"आणि जो बुडाला, त्याचा?"

मास्तरांनी पाय पाण्यातून बाहेर काढले.

त्यानंतरच्या वैशाखात शेवटच्या फेरीला मचवा उलटला. सोबतच्यांनी बाबल्याला बुडताना पाहिलं. देह काही मिळाला नाही. घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून जाळला आणि तिथला एक खडा उचलला. दहाव्या दिवशी सगळे माझ्याशेजारी पऱ्याच्या काठी जमले. बायका थोड्या लांब उभ्या राहिल्या.

पिंड मांडला. पलीकडच्या करंजावर कावळा होता, पण तो शिवेना. आत्म्याची काही इच्छा राहिली की असं होतं, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक. काशीराम डोक्यावर काळी छत्री धरून पिंडापाशी उभा होता. तो मोठ्याने सांगू लागला, "दादा, वयनीला अंतर देणार नाय." कावळा उतरला, दोन उड्या मारून परत उडाला. "दादा, घर शाकारून देईन." पुन्हा तेच. "दादा, होडीतला तुझा वाटा तिचाच!"

मला जमिनीलगत बरं दिसतं. कावळा भूक घेऊन पुढे यायचा आणि काशीराम बोलताना छत्री हलली की बिचकून मागे जायचा. भटजींना हे दिसलं नाही. केरूलाही नाही. मी तुळसाकडे पाहिलं. ती कावळ्याकडे बघत नव्हती. छत्रीकडे बघत होती.

"भावजी," ती पुढे आली, "त्यांना ती साकवाची शिळा कधी आवडली नाय. वरचं घर उघडं पडलंय म्हणायचे."

"आता त्याचं काय मधेच?"

"आणि खडा पाण्यात टाकायचा नाय. पाण्यानंच नेलान त्यांना. परत पाण्यातच कशाला देऊ? वरच्या पेटीत ठेवायचा."

"हे शास्त्रात बसत नाही," भटजी म्हणाले.

ऊन चढत होतं. लोकांच्या पोटात कावळे ओरडत होते, पिंडापाशी एक येत नव्हता. काशीराम वैतागला. "बरं बाबा! दादा, शिळा परत ठेवीन. खडा तिच्याखाली ठेवीन. झालं?"

"असं नाय, भावजी. छत्री मिटा. दोन्ही हात जोडून सांगा."

काशीरामने छत्री मिटून काखेत मारली, हात जोडले आणि तेच शब्द पुन्हा म्हटले. कावळा सरळ पिंडावर आला.

भटजी हळूच म्हणाले, "आता कावळ्यापुढे मी काय बोलणार?"

मला वर न्यायला अख्खी वाडी लागली. उतरताना लागले होते दोघेच. साकवावर काशीरामने माडाचे सोट टाकले. ते आधीही टाकता आले असते. पेटीत मडक्याशेजारी तुळसाने खडा ठेवला, सगळ्यांनी मला जागेवर सरकवलं आणि तिने माझ्यावर हात टेकला. तो हात मी ओळखला. बाई वेगळी, इतकंच.

आता मी स्वस्थ आहे का? खरं सांगू, नाही. सड्यावर पहारीचा आवाज आला की अजून धस्स होतं. शिवाय माझ्याखालचा तो खडा खलाशाचा आहे. भरतीच्या वेळी तो आत चुळबुळतोय असं मला वाटतं. म्हणून मित्रांनो, सड्यावर एखादा मोठा दगड आडवा दिसला, तर त्याची लांबी-रुंदी नंतर बघा. आधी खाली वाकून भोकातून आत बघा. कुणीतरी तुमच्याकडे बघत असेल.